वर्गात नेण्याआधी पडताळून पाहा: भावी शिक्षकांसाठी संशोधनाची मोफत दारं

समजा, तुम्ही शिक्षक व्हायचं ठरवलं आहे. भारतातली पदवी हाताशी आहे, मुलं शाळेत जाऊ लागली आहेत आणि इंग्लंडमध्ये पीजीसीईला किंवा अमेरिकेत टीचिंग सर्टिफिकेटला तुम्ही नाव घातलं आहे. सरावपाठ सुरू होतात. पाठाचं टाचण काढायला जो फॉर्म मिळतो, त्यात एक रकाना असतो: ‘दृश्य, श्राव्य आणि कृतिशील विद्यार्थ्यांसाठी काय योजना केली आहे?’

तुम्ही रकाना भरता. एकासाठी चित्र, दुसऱ्यासाठी गोष्ट, तिसऱ्यासाठी हातकाम. पाठ बरा होतो. पण वाचायची वेळ येते तेव्हा नऊ वर्षांचा एक मुलगा पुस्तक बाजूला सारून म्हणतो, “मी कृतिशील आहे. मला वाचून समजत नाही.”

हे त्याला कुणी सांगितलं? आपणच, म्हणजे शाळेने. आता प्रश्न असा, की शाळेने सांगितलेलं खरं आहे का? हे तुम्ही स्वतः, घरबसल्या, एक पैसा खर्च न करता तपासू शकता. कसं, ते याच उदाहरणावरून पाहू.

पहिली पायरी: एरिक

नुसतं गूगल केलंत तर या विषयावर हजारो पानं मिळतील. त्यांतली बरीचशी प्रश्नावल्या आणि कार्यशाळा विकणाऱ्यांची असतात. म्हणून सुरुवात ‘एरिक’पासून करा. १९६० च्या दशकात अमेरिकन सरकारने सुरू केलेली ही शैक्षणिक संशोधनाची सूची आहे. पूर्वी तिच्यातले अहवाल मायक्रोफिशवर ग्रंथालयांत जात. आज ती जगात कुठूनही मोफत पाहता येते, लॉगिन लागत नाही.

शोधचौकटीशेजारी दोन खुणा दिसतील. एक ‘पीअर रिव्ह्यूड’, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासून मग छापलेलं. दुसरी ‘फुल टेक्स्ट’, म्हणजे पूर्ण मजकूर तिथेच वाचता येईल असं. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. ‘ईजे’ने सुरू होणारा क्रमांक नियतकालिकातल्या लेखाचा, ‘ईडी’ने सुरू होणारा अहवाल वगैरे इतर साहित्याचा.

खरी गंमत एरिकच्या शब्दकोशात, म्हणजे थिसॉरसमध्ये आहे. ग्रंथपाल एका कल्पनेसाठी एकच ठरावीक शब्द वापरतात आणि तो माहीत नसेल तर शोध फसतो. आपण ‘लर्निंग स्टाइल्स’ शोधत असतो, पण त्या विषयावरच्या लेखांना एरिकमध्ये ‘कॉग्निटिव्ह स्टाइल’ हे लेबल लावलेलं दिसतं. इंग्लंडमध्ये आपण ‘ट्रेनी टीचर’ म्हणतो, एरिक म्हणते ‘प्रीसर्व्हिस टीचर्स’. म्हणून एक चांगला लेख सापडला की त्याच्या नोंदीखालचे हे ठरावीक शब्द टिपून घ्या आणि त्यांनीच पुन्हा शोधा. दुसऱ्या फेरीत निम्मा कचरा आपोआप गळतो.

दुसरी पायरी: एकेकटा प्रयोग नको, आढावा शोधा

शोधात ‘रिव्ह्यू’ किंवा ‘मेटा-ॲनालिसिस’ हे शब्द घाला. एखाद्या प्रयोगात काहीही निघू शकतं. आढाव्यात अनेक प्रयोग एकत्र तोलले जातात.

आपल्या विषयावर दोन आढावे हमखास भेटतील. २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या पाहणीत अध्ययनशैलींची तब्बल ७१ प्रारूपं आढळली. त्यांतल्या १३ महत्त्वाच्या प्रारूपांची त्यांनी बारकाईने चिकित्सा केली. म्हणजे ‘तीन प्रकारची मुलं’ हेसुद्धा सर्वमान्य नव्हतंच.

दुसरा आढावा २००८ चा, हॅरल्ड पॅश्लर आणि तीन सहकाऱ्यांचा. ही कल्पना खरी ठरायला कसला पुरावा लागेल, हे त्यांनी आधी ठरवलं, म्हणून तो मुळातून वाचण्यासारखा आहे. मुलांची ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ अशी विभागणी करा. मग चिठ्ठ्या टाकून प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना चित्रांतून आणि निम्म्यांना ऐकवून शिकवा. शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा द्या. ‘दृश्य’ मुलं चित्रांनी जास्त शिकली आणि ‘श्राव्य’ मुलं ऐकून जास्त शिकली, तरच कल्पना टिकली. सगळीच मुलं चित्रांनी जास्त शिकली, तर तो गुण मुलांच्या प्रकाराचा नाही, त्या पाठाचा आहे.

अशा पद्धतीने केलेले प्रयोग त्यांना फारच थोडे सापडले आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष या कल्पनेच्या थेट उलट होते. मुलांच्या शैलीनुसार शिकवण्याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याचा अर्थ चित्रं आणि हातकाम निरुपयोगी, असा घेऊ नका. नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकायची असते. ऐकू कमी येणाऱ्या किंवा दिसायला त्रास होणाऱ्या मुलाची गरज तर वेगळीच आणि खरी आहे. आधार नाही तो ‘तू अमुक प्रकारचा, म्हणून तुला तमुक जमणार नाही’ या शिक्क्याला.

तिसरी पायरी: पुढे काय झालं?

२००८ चा लेख आज जुना झाला. म्हणून तो गूगल स्कॉलरमध्ये शोधा आणि त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा. त्या लेखाचा उल्लेख करणारे नंतरचे सगळे लेख समोर येतात, खोडून काढू पाहणारेही. अशाच शोधात २०१२ चा एक अभ्यास मिळतो, ज्यात ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांना मेंदूविषयीच्या समजुती विचारल्या होत्या. आवडत्या शैलीत शिकवलं तर मूल जास्त शिकतं, असं ब्रिटनमधल्या ९३ टक्के शिक्षकांना वाटत होतं. तेव्हा फॉर्मवर तो रकाना कसा आला, हे कोडं उरत नाही.

वेळ कमी असेल तर

सरावपाठांच्या धामधुमीत एवढं वाचायला सवड नसते. त्यासाठी इंग्लंडच्या ‘एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन’चं टूलकिट आहे. ही संस्था २०११ मध्ये स्थापन झाली. गृहपाठ, फीडबॅक, छोटे गट अशा प्रत्येक उपायापुढे तीन गोष्टी दिसतात: खर्च किती हे पौंडाच्या चिन्हांनी, पुरावा किती भक्कम हे कुलुपांनी आणि फायदा किती हे महिन्यांनी. महिन्यांचा आकडा डोळ्यांत भरतो, पण आधी कुलुपं मोजा. एकच कुलूप असेल तर त्या महिन्यांवर फार विसंबू नका. शिवाय तो आकडा सरासरीचा आहे, तुमच्या वर्गाचा नाही.

अमेरिकेत याच धर्तीचं ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ २००२ पासून आहे. मात्र २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यात मोठी कपात झाली आणि एरिक व हे क्लिअरिंगहाउस ज्या संशोधन विभागाकडे आहेत, त्यालाही तिची जबर झळ लागली. म्हणून उपयोगाचा लेख सापडला की पीडीएफ उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी तो तिथेच असेल, असं धरून चालू नका.

लेखाला पैसे मागितले तर

लगेच कार्ड काढू नका. ‘अनपेवॉल’ नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन त्याच लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर दाखवतं. नाहीच मिळाली तर लेखकाला दोन ओळींची ईमेल टाका, बरेच जण आनंदाने प्रत पाठवतात. आणि तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटा. बहुतेक ठिकाणी शिक्षणशास्त्रासाठी वेगळे ग्रंथपाल असतात. त्यांच्याजवळ नसलेला लेख ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात. आपल्याकडे ग्रंथपालांना प्रश्न विचारायचा संकोच असतो, तो इथे बाजूला ठेवा. ते त्यांचं कामच आहे.

चॅटबॉटला संदर्भ विचारत असाल तर त्याने दिलेला प्रत्येक लेख एरिकमध्ये किंवा स्कॉलरमध्ये शोधून पाहा. लेखकाचं नाव खरं आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेला नाही, असं सर्रास होतं.

आणि रविवारची मराठी शाळा?

तुमच्यापैकी अनेकजण पदवीसाठी नाही, तर गावातल्या मराठी शाळेत हौसेने शिकवता. तिथेही असेच प्रश्न येतात. घरी मराठी बोललं तर इंग्रजी मागे पडेल का? एरिकमध्ये ‘बायलिंग्वलिझम’, ‘नेटिव्ह लँग्वेज’ आणि ‘हेरिटेज एज्युकेशन’ हे शब्द टाकून पाहा. भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत आहेत, शिक्षणशास्त्रातले मराठी प्रबंधही त्यात सापडतात. दर्जा कमीजास्त असतो, म्हणून किती मुलांवर प्रयोग झाला आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का, हे आधी बघा. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत मिळतात.

सुरुवातीला एकच प्रश्न घ्या. तुमच्या टाचणात नेहमी येणारी, कधीच न तपासलेली एक गोष्ट निवडा. तिच्यासाठी एक तास द्या: पंधरा मिनिटं शब्द शोधायला, पंधरा मिनिटं आढावा मिळवायला आणि अर्धा तास वाचायला. बऱ्याचदा उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सरळ येणार नाही, ‘अमुक वयाच्या मुलांसाठी, अमुक विषयात’ असं येईल. तेही पुरेसं आहे.

आणि त्या नऊ वर्षांच्या मुलाला पुस्तक परत हातात द्या. सुरुवातीचं पान हवं तर त्याच्याबरोबर वाचा.