पहाटे तीनची साखर

भालकी, औराद, बसवकल्याणकडे रात्री भाकरी-वरण. समजा, झोपताना साखर १४० आणि सकाळी उपाशीपोटी २१०. मधे तर काहीच खाल्लेलं नाही! मग भाकरीला बोल लावला जातो, उगाचच. पहाटे ३-४ पासून शरीर जागं होण्याच्या तयारीला लागतं. ग्रोथ हार्मोन, कॉर्टिसॉल यांच्या जोरावर यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. निरोगी स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन वाढवतं. मधुमेहात ते जमत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी इथे इंजेक्शनची वेळ मोलाची. १९४६ साली डेन्मार्कमध्ये तयार झालेलं, दुधाळ दिसणारं एनपीएच इन्सुलिन साधारण ४ ते १० तासांनी ऐन भरात येतं. संध्याकाळी ७ ला टोचलं तर हा भर मध्यरात्रीकडे, म्हणजे साखर नको तेव्हा उतरणार. झोपताना घेतलं की तो पहाटेकडे सरकतो. ग्लार्जिन इन्सुलिन जवळपास २४ तास सपाट चालतं, पण काहींचं आधीच संपतं. डेग्लुडेक इन्सुलिन ४२ तासांहून अधिक टिकतं; तिथे वेळ बदलून फारसं हाती लागत नाही.

मात्र आधी काही रात्री ३ वाजता ग्लुकोमीटर लावावा आणि आकडे वहीत लिहावेत. तेव्हा साखर ७० च्या खाली असेल तर डोस वाढवणं धोक्याचं. ती वही बघूनच डॉक्टर वेळ बदलतील. आपल्या मनाने बदलू नये.