बंडीच्या आत चाललेलं काम

कुरुंदवाडसारख्या गावात पुरुषाची छाती ही झाकून ठेवायची गोष्ट नाही. पंचगंगा आणि कृष्णा इथून जवळच एकमेकींना भेटतात. उन्हाळ्यात पोरं घाटावरून पाण्यात उड्या घेतात. पलीकडे नरसोबाच्या वाडीला सोवळं नेसून, उघड्या अंगाने पुरुष अभिषेकाला बसतात. आणि शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभारलेल्या या कोल्हापूर जिल्ह्यात तालीम तर आलीच, लंगोट आणि लाल मातीसकट. अशा ठिकाणी ज्या मुलाची छाती थोडी पुढे आलेली असते, तो हळूहळू नदीवर जायचं सोडतो, भर मे महिन्यात बनियनवर सैल शर्ट चढवतो आणि खांदे पुढे ओढून चालायला लागतो.

डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. ही अवस्था किती सर्रास आढळते हे कळलं तर त्या मुलाचा अर्धा भार तिथेच उतरेल. स्तनग्रंथीचा छोटासा अंश प्रत्येक पुरुषात जन्मापासून असतो. वयात येताना इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचा तोल काही काळ ढळतो आणि तो अंश वाढू लागतो. जवळपास निम्म्या मुलांमध्ये हे घडतं आणि बहुतेकांचं दोनेक वर्षांत आपोआप ओसरतं. म्हणून कोवळ्या वयात ऑपरेशनची घाई नको. मोठेपणी छाती वाढली तर आधी कारण शोधावं लागतं: एखादं औषध, यकृताचा आजार, अंडकोषातली गाठ किंवा जिममध्ये कुणी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं. हे सगळं तपासूनही जी ग्रंथी उरते आणि मनाला खात राहते, तिच्यासाठी शस्त्रक्रिया आहे.

ही शस्त्रक्रिया जुनी आहे. सातव्या शतकात एजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याने ती लिहून ठेवली होती. आजच्या पद्धतीचा पाया जेरोम वेबस्टर या अमेरिकन सर्जनने 1946 मध्ये घातला. स्तनाग्राभोवतीचं काळसर वर्तुळ जिथे संपतं, बरोबर त्या रेषेवर त्याने अर्धवर्तुळाकार छेद घेतला. दोन रंगांच्या सीमेवरचा व्रण डोळ्याला सहसा सापडत नाही. त्या छोट्या छेदातून ग्रंथी निघते, भोवतालची चरबी नळीने ओढून घेतात. तास-दोन तासांत सर्जनचं काम संपतं.

मला खरं नवल वाटतं ते त्यापुढच्या दिवसांचं. मिरजेहून किंवा कोल्हापुरातून ऑपरेशन करून मुलगा घरी येतो, छातीवर घट्ट दाबाची बंडी असते आणि घरातल्यांना वाटतं, आता नुसता आराम करायचा. प्रत्यक्षात त्या बंडीच्या आत अखंड काम चाललेलं असतं.

ग्रंथी काढली की त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी उरते. शरीराला पोकळी चालत नाही, तिथे रक्तातला पिवळसर द्रव झिरपून साठू लागतो. म्हणून काही सर्जन एक बारीक नळी एक-दोन दिवस ठेवतात. म्हणूनच ती बंडीही असते. ती त्वचेला खालच्या स्नायूवर दाबून धरते, तेवढ्या वेळात दोन्ही थर एकमेकांना चिकटतात. साधारण चार ते सहा आठवडे ती घालावी लागते. उकाड्यात अंग घामेजतं, खाज येते आणि ती काढून फेकावीशी वाटते. तरी डॉक्टरने सांगितल्याशिवाय काढू नये.

दोन-तीन दिवसांनी छाती जांभळी दिसते आणि तो रंग पोटाकडे उतरतो. घरातले घाबरतात. खरं तर रक्ताचे सुटलेले कण वजनाने खाली सरकत असतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते कण गिळतात आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन मोडतात. आधी हिरवं बिलिव्हर्डिन तयार होतं, मग पिवळं बिलिरुबिन. कावीळ झाल्यावर डोळे पिवळे करणारं द्रव्य ते हेच. सुटलेलं लोह शरीर राखून ठेवतं आणि पुन्हा रक्त घडवायला वापरतं. जांभळ्याचं हिरवं आणि हिरव्याचं पिवळं होताना आपण जे पाहतो, ते आपल्याच कातडीखाली चाललेलं रसायनशास्त्र असतं.

दरम्यान फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणायला घेतात. हे पहिले धागे शेतात पसरलेल्या पाचटासारखे वेडेवाकडे पडलेले असतात. आठवड्याभरानंतर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम 3 टक्के असते, तीन आठवड्यांनी सुमारे 20 टक्के. पुढे कित्येक महिने शरीर जुने धागे तोडतं आणि जिकडून ताण येतो त्या दिशेने नवे, जाड धागे बसवतं. तीन महिन्यांनी ताकद 80 टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. शंभर टक्के ती कधीच होत नाही.

हे आकडे तालमीतल्या पोराने भिंतीवर लिहून ठेवावेत. पहिल्या संध्याकाळपासून चालायला हरकत नाही, उलट चालावंच. टेबलावरचं काम असेल तर आठवड्याभरात जाता येतं. पण जोर मारणं, मुदगल फिरवणं, उसाची मोळी उचलणं हे साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरने होकार दिल्यावर आणि तेही टप्प्याटप्प्याने. सुरुवातीचे दिवस हात डोक्यावर न्यायचे नाहीत, म्हणून टी-शर्टऐवजी पुढे बटणं असलेला शर्ट बरा. जखम पुरती भरल्याशिवाय नदीत उतरायचं नाही, तालमीतल्या हौद्याच्या मातीत तर नाहीच. तंबाखू आणि सिगारेटमधलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि स्तनाग्राची त्वचा जगते ती त्याच वाहिन्यांवर.

त्वचा रक्तावर जगते, हे आपल्या मुलखातल्या वैद्यांना ठाऊक होतं. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचं नाक 1792 च्या युद्धात टिपूच्या कैदेत कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वैद्याने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. ती हकीकत 1794 मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. त्वचेचा एक देठ वैद्याने मुद्दाम जोडलेला ठेवला होता, रक्त पोचावं म्हणून. तो कापायचा सुमारे पंचविसाव्या दिवशी. त्या लेखातला आणखी एक तपशील मला फार आवडतो: ऑपरेशननंतर पाच-सहा दिवस रुग्णाला पाठीवर निजवत. छातीच्या रुग्णालाही आज पहिले काही आठवडे पाठीवरच झोपायला सांगतात, उशीने डोकं जरा वर घेऊन.

सर्वांत सावकाश चालतात ते मज्जातंतू. स्तनाग्राची संवेदना मुख्यतः बरगड्यांमधून येणाऱ्या चौथ्या मज्जातंतूच्या फांद्या वाहून नेतात. ऑपरेशनमध्ये त्यातल्या काही बारीक फांद्या दुखावतात आणि तेवढा भाग बधिर होतो. मग त्या पुन्हा वाढू लागतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मधूनच मुंग्या येतात, विजेसारखी चमक निघून जाते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परत येते.

याच काळात अनेकांना धसका बसतो. हाताला कडक, गाठीसारखं काहीतरी लागतं आणि वाटतं, ग्रंथी परत आली. बहुधा ते आतल्या व्रणाचं कडकपण असतं आणि धाग्यांची नवी मांडणी होईल तसं ते मऊ पडतं. शिवाय स्तनाग्राखाली ग्रंथीची एक पातळ चकती सर्जन जाणून राखतो, नाहीतर तिथे खळगा पडतो. म्हणून आरशातला निकाल तीन ते सहा महिन्यांआधी धरू नये. बाहेरचा व्रण तर वर्षभर रंग बदलत राहतो. छातीवर आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तो कधी कधी जाड वाढतो. तसं दिसलं तर लवकर दाखवावं, उन्हापासूनही जपावं.

एक गोष्ट मात्र शरीरावर सोडून चालत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली आणि ठणका वाढत गेला, तर आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. ताप चढला, जखम लाल होऊन पू आला, स्तनाग्र काळं पडू लागलं, तरीही वाट पाहू नये. अशा वेळी रात्र असली तरी सर्जनला फोन करा. आणि वस्तादांना, आईवडिलांना एक विनंती: मुलगा दीड महिना हौद्यावर दिसला नाही तर त्याला चारचौघांत कारण विचारू नका, आणि तो परत आला की पहिल्या दिवशी त्याच्याकडून जोर काढून घेऊ नका.