बाष्पकातील वाफेचा दाब

तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणम् हे नगर वसलेले आहे. सभोवार भातशेतीचा विस्तीर्ण पट्टा आहे. या प्रदेशातील अनेक गिरण्यांत भात प्रथम भिजवितात, वाफवितात, वाळवितात आणि मग सडतात. कोकणात ज्याला उकडा तांदूळ म्हणतात, तोच हा होय. त्यासाठी लागणारी वाफ बाष्पकात, म्हणजे बॉयलरमध्ये तयार होते. त्याच्या भट्टीत बहुधा भाताचेच तूस जाळले जाते.

दाबमापकाचा काटा जितका वर, तितकी वाफेतील उष्णता अधिक, अशी समजूत होणे साहजिक आहे. परंतु ती फारशी खरी नाही. वातावरणाच्या दाबाखाली पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. दाबमापकावर दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम दाब दिसत असता ते सुमारे १५१ अंशांना उकळते. तथापि ० अंशाच्या १ किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास पहिल्या स्थितीत सुमारे ६३९ किलोकॅलरी लागतात, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे ६५६. वाढ शेकडा तीनही नाही.

मग दाब हवा कशासाठी? वाफ नळांतून टाक्यांपर्यंत नेण्यासाठी. वातावरणाच्या दाबाखाली १ किलोग्रॅम वाफ सुमारे १.६७ घनमीटर जागा व्यापते. वरील दाबाखाली तिला सुमारे ०.३८ घनमीटर पुरते. दाब फार उतरल्यास फुगलेली वाफ वेगाने धावू लागते आणि पाण्याचे तुषार सोबत ओढते. अशा ओल्या वाफेत उष्णता कमी असते. उलट, दाब विनाकारण चढविल्यास नळांतून व धुराड्यातून उष्णता अधिक वाया जाते. म्हणून शेवटच्या टाकीपर्यंत कोरडी वाफ पुरेशी पोहोचेल, इतकाच दाब राखणे इष्ट होय. तुसाचा व हवेचा पुरवठा थोडाथोडा बदलून आणि प्रत्येक वेळी परिणाम पाहून तो साधावा.

हा दाब प्रमाणपत्रात नमूद केलेल्या मर्यादेपलीकडे मात्र कधीही जाऊ नये. भारतात याविषयी १९२३ साली कायदा झाला. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. सुरक्षा-झडप आवळून दाब वाढविणे हा जिवाशी खेळ आहे. १५१ अंशांचे पाणी कोंडलेले असताना बाष्पक फुटला, तर त्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा तत्क्षणी वाफ होतो आणि पंधराशे पटींहून अधिक फुगतो. शेजारी काम करणाऱ्यांना पळण्यास अवधी मिळत नाही.