विस्तार-फील्ड (प्रोटोकॉल बफर्स)

मूळ संदेशाच्या व्याख्येला हात न लावता बाहेरून त्या संदेशाला जोडलेल्या फील्डला विस्तार-फील्ड म्हणतात. गूगलने २००८ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्स या संदेशस्वरूपाच्या 'प्रोटो२' भाषेत ही सोय आहे. 'प्रोटो३'मध्ये ती केवळ व्याख्यांना जोडायच्या स्वनिर्मित पर्यायांपुरती उरली असून, इतरत्र 'एनी' हा प्रकार वापरतात.

घोषणा आणि मूल्य भरणे

मूळ व्याख्येत काही क्रमांक, उदाहरणार्थ १०० ते १९९, विस्तारांसाठी राखून ठेवलेले असतात. 'पुस्तक' या संदेशाला एखाद्या ग्रंथालयाने १०० क्रमांकाचे 'प्रती' हे पूर्णांकी फील्ड जोडले, असे समजू. सामान्य फील्डला स्वतःच्या नावाची फलने मिळतात. विस्ताराला ती मिळत नाहीत. सी++ मध्ये 'सेटएक्स्टेन्शन' या सामाईक फलनाला विस्ताराची ओळख आणि मूल्य अशा दोन्ही गोष्टी द्याव्या लागतात. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा येथेच होते.

बाइटांतील रूप

'प्रती'चे मूल्य १५ असल्यास १६०, ६ आणि १५ हे तीनच बाइट लिहिले जातात. क्रमांकाला ८ ने गुणून त्यात मूल्यप्रकाराचा अंक (येथे ०) मिळवला की ८०० येतात. ८०० म्हणजे १२८ च्या सहा पटी आणि वर ३२. पुढे आणखी बाइट आहे हे कळावे म्हणून ३२ मध्ये १२८ मिळवले जातात. त्यातून १६० आणि ६ हे बाइट मिळतात. शेवटचा बाइट मूल्याचा. 'प्रती' हे नाव यात कोठेच नाही. त्यामुळे दोन गटांनी एकाच संदेशात १०० हाच क्रमांक वेगवेगळ्या अर्थांनी वापरला, तर एकाच्या प्रती दुसऱ्याला पृष्ठसंख्या वाटू शकतात, आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही.

वाचताना होणारी चूक

जावामध्ये संदेश वाचताना विस्तारांची नोंदवही, म्हणजे 'एक्स्टेन्शनरजिस्ट्री', सोबत द्यावी लागते. ती न दिल्यास विस्तार 'अज्ञात फील्ड' म्हणून बाजूला ठेवला जातो. मूल्य नष्ट झालेले नसते, तरी विचारणा केल्यास ते नसल्याचेच उत्तर मिळते. अशा संदेशात तोच विस्तार नव्याने भरून संदेश पुन्हा लिहिला, तर नवे मूल्य आधी आणि अज्ञात म्हणून ठेवलेले जुने मूल्य शेवटी लिहिले जाते. एकेरी फील्डच्या बाबतीत शेवटी आलेले मूल्य ग्राह्य धरले जात असल्याने, पुढच्या वाचकाला जुनाच आकडा दिसतो.