नावडतीं कुत्रीं

१९१७ सालीं, जर्मनीशीं युद्ध ऐन भरांत असतां, इंग्लंडच्या राजघराण्यानें आपलें जर्मन वळणाचें नांव टाकून 'विंडसर' हें नांव धारण केलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं त्याच देशांत एका कुत्र्याचेंही नामांतर झालें. उभ्या कानांच्या व लांब तोंडाच्या ज्या कुत्र्याला जर्मन लोक आपला मेंढपाळी कुत्रा म्हणत, त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद करण्याची वेळ १९१९ सालीं लंडनच्या केनेल क्लबावर आली. पण 'जर्मन' हा शब्दच त्या काळीं तेथें कानाला सोसत नव्हता. तेव्हां फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवरील अल्सास प्रांतावरून त्याला 'आल्सेशियन वुल्फ डॉग' असें नांव देण्यांत आलें. जर्मन माणूस नांवांतून बाहेर पडला खरा, परंतु त्याच्या जागीं लांडगा शिरला. आणि हा लांडगा त्या बिचाऱ्या जातीला पुढें वर्षानुवर्षें भोंवला.

वस्तुतः या जातीची मांडणी मॅक्स फॉन स्टेफानित्झ नांवाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानें १८९९ सालापासून केली, ती मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांतून निवड करकरून. पण लांडग्याचें नांव एकदां चिकटल्यावर ऐकतो कोण? हीं कुत्रीं रानांत शिरतील, डिंगो नांवाच्या रानकुत्र्यांशीं त्यांचा संकर होईल, आणि ती प्रजा मेंढ्यांचे कळप फस्त करील, अशी हाकाटी ऑस्ट्रेलियांत झाली व १९२९ सालीं तेथें त्यांच्या आयातीवर बंदी आली. ती पुरती उठावयास १९७० नंतरचें दशक उजाडावें लागलें. इकडे त्याच सुमारास अमेरिकेंत 'रिन टिन टिन' नांवाचें याच जातीचें कुत्रें चित्रपटांचें नायक होऊन बसलें होतें. तें पिल्लू असतांना १९१८ सालीं फ्रान्सच्या रणभूमीवर एका अमेरिकन शिपायाला सांपडलें होतें. खुद्द इंग्लंडांत १९१९ सालीं या जातीच्या अवघ्या ५४ कुत्र्यांची नोंद झाली होती. १९२६ सालीं तीच संख्या आठ हजारांवर गेली. एकाच जातीचा एवढा तिटकारा आणि एवढी हौस एकाच वेळीं नांदावी, हें पाहून मौज वाटते. 'जर्मन शेफर्ड' हें नांव इंग्लंडच्या नोंदवहींत परत आलें तें १९७७ सालीं. आपल्याकडे मात्र जुन्या बंगल्यांच्या फाटकावर आल्सेशियनच राहिला.

कुत्र्याच्या एखाद्या जातीविषयीं लोकांच्या मनांत जो राग किंवा जें भय असतें, तें पुष्कळदां असें कुत्र्याबाहेरच्या गोष्टींतून आलेलें असतें. पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या व्यंगचित्रांत आंखूड पायांचा, लांबट अंगाचा डॅशहुंड हटकून दिसे. त्यामुळें इंग्लंड-अमेरिकेंत हें बिळांतले प्राणी उकरणारें लहानसें जनावरही शत्रुपक्षाचें ठरलें. त्याच्याही आधीं अमेरिकेंत ब्लडहाउंडचें भय होतें. दक्षिणेकडील मळेवाले पळालेल्या गुलामांचा माग काढण्यास शिकारी कुत्रीं सोडीत. १८५२ सालीं 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली व तिचीं नाटकें गांवोगांव होऊं लागलीं. बर्फावरून पळणाऱ्या गुलाम मातेच्या पाठीं लागलेलीं कुत्रीं मूळ कादंबरींत नाहींत. नाटकवाल्यांनीं तीं रंगभूमीवर प्रत्यक्ष आणून धांववलीं, आणि प्रेक्षकांच्या मनांत तीं कायमचीं बसलीं. लोंबत्या कानांचा, ओघळत्या कातडीचा खरा ब्लडहाउंड स्वभावानें इतका मवाळ असतो कीं, ज्याचा माग काढला त्या माणसाजवळ पोंचल्यावर तो बहुधा शेपटीच हलवितो.

याहून नवलाची गोष्ट स्पिट्झची आहे. १८७० नंतरच्या दशकांत न्यू यॉर्क शहरांत सर्वांत भयंकर कुत्रें कोणतें, असें विचारलें असतें तर पुष्कळांनीं या पांढऱ्या, केंसाळ, टोंकदार तोंडाच्या कुत्र्याकडे बोट दाखविलें असतें. हीच जात विशेषेंकरून पिसाळते, असा समज पसरला होता. त्याच कुळांतील कुत्रीं आज पुण्यामुंबईच्या सदनिकांत पामेरियन म्हणून वावरतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांतील 'टफी' याच कुळांतला. त्याच्याबद्दल शेजाऱ्यांची तक्रार असलीच, तर ती अखंड भुंकण्याची असते. पिसाळण्याचा रोग ज्या विषाणूनें होतो, तो कुत्र्याची वंशावळ पाहून शिरत नाहीं, हें आतां शाळकरी मुलालाही माहीत आहे.

आज जगभर सर्वाधिक नावडती जात म्हणजे पिटबुल. हिचा इतिहास थोडा विस्तारानें पाहिला पाहिजे, कारण येथें भय सर्वस्वीं निराधार आहे असें म्हणतां येत नाहीं. इंग्लंडांत पूर्वीं बैल खुंट्याला बांधून त्याच्यावर कुत्रीं सोडण्याचा खेळ चाले. बैलाच्या नाकाला धरून न सुटणारा, बसक्या तोंडाचा व रुंद जबड्याचा बुलडॉग त्या खेळासाठीं निपजविला गेला. १८३५ सालीं पार्लमेंटनें कायदा करून हा खेळ बंद केला. बैल सुटला, पण शौकिनांची हौस सुटली नाहीं. बैल उघड्या मैदानांतच लागे. कुत्र्यांची झुंज मात्र दाराआड, एखाद्या खड्ड्यांत लावतां येई. त्यासाठीं बुलडॉगचें बळ व टेरियर जातीची चपळाई यांचा मेळ घालून नवें कुत्रें तयार केलें गेलें. इंग्रजींत खड्ड्याला 'पिट' म्हणतात. त्यावरून 'पिटबुल टेरियर'. पुढें हीं कुत्रीं अमेरिकेंत गेलीं, आणि १८९८ सालीं तेथील एका श्वानसंस्थेनें त्यांची जात म्हणून नोंद केली.

परंतु अमेरिकेंत त्या काळीं यांचें नांव वाईट नव्हतें. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन पलटणीबरोबर फ्रान्सला गेलेला 'स्टबी' याच घडणीचा होता. लहान मुलांच्या विनोदी चित्रपटमालेंत डोळ्याभोंवतीं वर्तुळ असलेला जो 'पीट' दिसे, तोही याच कुळींचा. बदनामी आली ती १९८० च्या सुमारास. चोरून झुंजी लावणारे, मादक द्रव्यांचा धंदा करणारे, दारांत दहशत बसविण्यासाठीं कुत्रें बाळगणारे अशा लोकांच्या हातीं हीं कुत्रीं मोठ्या संख्येनें गेलीं, आणि वृत्तपत्रांनीं एकेका चाव्याची बातमी पहिल्या पानावर छापण्यास आरंभ केला. ज्याला गुंडाचें कुत्रें हवें तो गुंडांत नांवाजलेलें कुत्रेंच विकत घेणार; अशा रीतीनें कीर्तीनें गिऱ्हाईक व गिऱ्हाइकानें कीर्ति वाढत गेली.

त्यांत दंतकथांची भर पडली. पिटबुलच्या जबड्याला म्हणे कुलूप असतें. एकदां मिटला कीं तो उघडतच नाहीं. शरीरशास्त्राला असें कुलूप कोठेंही आढळलेलें नाहीं. इतर कुत्र्यांचा जबडा असतो तसाच याचाही असतो. डॉबरमनविषयींची कथा तर याहून वरचढ आहे: वय वाढलें कीं त्याचा मेंदू कवटींत मावेनासा होतो व तो वेडा होऊन मालकावरच उलटतो! जर्मनींतील अपोल्डा गांवच्या लुई डॉबरमन या करवसुली कारकुनानें सोबतीस ठेवलेल्या कुत्र्यांतून ही जात निघाली. करवसुली करणाऱ्याचें कुत्रें लोकांना आवडेल कसें, असा प्रश्न कोणी केल्यास तो निराळा. पण मेंदूची कथा मात्र निव्वळ थाप आहे.

दंतकथा बाजूला सारल्या तरी कांहीं शिल्लक उरतेंच. झुंजीसाठीं निपजविलेलें कुत्रें दुसऱ्या कुत्र्यावर पटकन् जातें, गुरगुरून इशारा देण्यांत वेळ घालवीत नाहीं, आणि धरलेलें लवकर सोडीत नाहीं. शिवाय देहाचें मान आहेच. पामेरियनचा चावा टिंक्चरवर भागतो; तीस किलो वजनाच्या, भक्कम मानेच्या कुत्र्याचा चावा माणसाच्या जिवावर बेततो. २०२२ च्या जुलैंत लखनौ येथें घरांतल्याच पिटबुलनें ८२ वर्षांच्या वृद्धेचा प्राण घेतला. अशा घरापुढें उभें राहून 'कुत्र्याचा दोष नाहीं' असें म्हणणारा श्वानप्रेमी निर्दयच म्हटला पाहिजे.

तरीही प्रश्न उरतो तो हा कीं, जात पाहून स्वभाव ओळखतां येतो काय? २०२२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत या विषयीं एक मोठें संशोधन प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून, व त्यांतील २,१५५ कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून, संशोधकांना असें आढळलें कीं, एका कुत्र्याच्या व दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यांत जो फरक दिसतो, त्यांतील सुमारें ९ टक्के एवढाच जातीवरून सांगतां येतो. हांक मारल्यावर येणें, शिकविलेलें चटकन् उचलणें, अशा गुणांशीं जातीचा संबंध थोडा अधिक आढळला. चटकन् चिडण्याच्या प्रवृत्तीशीं मात्र तो जवळजवळ नाहींच. 'कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडेंच' ही म्हण शेपटापुरती खरी असेल. स्वभावाला ती लावतांना जपावें लागेल.

दुसरी अडचण अशी कीं, जात ओळखायची तरी कोणी? अमेरिकेंत फ्लॉरिडा संस्थानांतील चार आश्रयगृहांत १२० कुत्रीं तेथील अनुभवी नोकरांना दाखविण्यांत आलीं व मग त्यांच्या रक्ताची परीक्षा केली. निदान एका नोकरानें तरी 'हें पिटबुल' म्हटलें अशीं कुत्रीं ६२ निघालीं. रक्तांत त्या जातीचा अंश सांपडला तो २५ कुत्र्यांच्या. रोज कुत्रीं हाताळणाऱ्यांची ही गत, तर वाटेनें जातां जातां पाहणाऱ्याच्या नजरेचा भरंवसा काय धरावा?

कायदा करणाऱ्यांना याचा अनुभव येऊन चुकला आहे. इंग्लंडनें १९९१ सालीं पिटबुल, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. तींत वंशावळ पाहत नाहींत. मोजपट्टी लावून बांधा पाहतात. पुढें बांधा थोडा बदलून 'एक्सएल बुली' नांवाचें अधिकच धिप्पाड कुत्रें लोक पाळूं लागले, आणि २०२३ च्या अखेरीस त्यालाही यादींत घालणें भाग पडलें. हॉलंडनें १९९३ सालीं केलेला असाच कायदा सुमारें पंधरा वर्षांनीं मागें घेतला, कारण चाव्यांची संख्या घटली नव्हती. आपल्या केंद्रसरकारनें १२ मार्च २०२४ रोजीं राज्यांना पत्र धाडून तेवीस जातींची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास कळविलें. त्या यादींत रॉटवायलर होता, तुर्कस्तानांत लांडग्यांपासून मेंढ्या राखणारा कांगल होता, आणि एका ओळींत नुसतेंच 'टेरियर' असें लिहिलेलें होतें. टेरियर म्हटल्यावर बुटाच्या डब्यांत मावेल असें यॉर्कशायर टेरियरही त्यांत आलेंच. पुढच्याच महिन्यांत कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें, संबंधितांचें म्हणणें न ऐकतां तें काढलें म्हणून, तें पत्रक रद्द ठरविलें.

चावरें कुत्रें घडतें कसें, याची उत्तरें जातींच्या यादींत मिळत नसलीं तरी इतरत्र मिळतात. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक असतो. त्या अवधींत ज्यानें म्हातारे, मुलें, छत्र्या, दुचाक्या, दुसरीं कुत्रीं हें सगळें पाहिलें नाहीं, तें पुढें प्रत्येक अनोळखी वस्तूला भितें; आणि भ्यालेलें कुत्रेंच बहुधा चावतें. पुष्कळ व्यापारी मात्र पांच-सहा आठवड्यांचें पिल्लू आईपासून तोडून विकतात. मग तें गच्चींत किंवा जिन्याखालीं साखळीला बांधलें जातें, दिवसांतून दोनदां भाकरी पुढें सरकविली जाते, आणि 'राखण करतें' म्हणून मालक समाधान मानतो. राजस्थानच्या उन्हांत धापा टाकणारा सैबेरियाचा हस्की पाहिला म्हणजे तर वाटतें, नावडतेपणाची यादी कुत्र्यांऐवजीं खरेदीदारांची करावी.

आवडत्या जातींचें तरी सुख काय आहे? दूरध्वनीच्या जाहिरातींनीं घराघरांत पोंचलेला पग आपल्या चपट्या नाकामुळें जन्मभर धापा टाकतो. त्याच्या घोरण्याला लोक गोड म्हणतात.

आपल्या देशांत खरी नावडती जात यांपैकीं कोणतीच नव्हे. ती म्हणजे जिला जातच नाहीं असें समजतात ती गांवठी. दत्तगुरूंच्या पायांशीं चार वेद म्हणून चार कुत्रीं बसतात, खंडोबाच्या चित्रांत कुत्रें असतें, पण दारांतल्या गांवठीला हाडहूडच. १८३२ सालीं मुंबईंत सरकारनें भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम वाढविली, तेव्हां जून महिन्यांत फोर्टांतील पारशी लोकांनीं दंगा केला व दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पाडला. कुत्र्यांसाठीं या शहरानें पाळलेला तो पहिला मोठा हरताळ असावा. पारशांच्या धर्मांत मृताला कुत्र्याची दृष्टि देण्याचा विधि आहे, त्यामुळें गोष्ट श्रद्धेची होती. तो वाद अजून मिटलेला नाहीं, आणि दोन्ही बाजूंचीं दुःखें खरीं आहेत: उकिरड्यावर वाढलेल्या टोळ्यांना भिऊन मुलें शाळेला वळसा घालून जातात, आणि रेबीजनें दगावणाऱ्यांत मुलांचा भरणा मोठा असतो.

म्हणून एवढें मात्र प्रत्येक घरांत ठाऊक असावें. कुत्रें चावलें कीं तें आल्सेशियन होतें कीं गांवठी, पाळलेलें होतें कीं मोकाट, या चौकशींत वेळ न दवडतां जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पंधरा मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद यांतलें कांहींही तींत भरूं नये. आणि त्याच दिवशीं लस टोंचून घेण्यास दवाखाना गांठावा. ओरखडा लहान असला तरीही.