खंडाखंडांच्या विजेत्यांचा चषक

२० जून २०१३ रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर स्पेनने फुटबॉलमध्ये ताहितीला १०-० असे हरवले. स्पेन तेव्हा जगज्जेता होता आणि युरोपचाही विजेता. ताहितीचा संघ जागतिक क्रमवारीत १३८वा. त्यातला एकच खेळाडू व्यावसायिक, बाकीचे पोटासाठी दुसरे काही करणारे: कुणी शिक्षक, कुणी गाडीवर माल पोहोचवणारा, काही तर बेकारच. विश्वचषकाची पात्रता ताहितीने कधीच गाठलेली नाही. तरीही हा सामना मैत्रीखातर खेळवलेला नव्हता. दोन्ही संघ तिथे हक्काने आले होते.

तो हक्क देणारी स्पर्धा म्हणजे कॉन्फेडरेशन्स चषक. तिची सुरुवात झाली सौदी अरेबियात. १९९२ साली रियाधच्या किंग फहद स्टेडियमवर राजाच्याच नावाच्या चषकासाठी चार संघ बोलावले गेले: यजमान सौदी, अर्जेंटिना, अमेरिका आणि आयव्हरी कोस्ट. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने यजमानांना ३-१ असे नमवले. १९९५ची दुसरी खेप डेन्मार्कने जिंकली. १९९७ पासून फिफाने स्पर्धा आपल्या हाती घेतली आणि आठ संघांचा साचा ठरला: सहा खंडीय महासंघांचे विजेते, जगज्जेता आणि यजमान. त्या वर्षी ब्राझीलने ऑस्ट्रेलियाचा अंतिम सामन्यात ६-० असा धुव्वा उडवला. रोनाल्डो आणि रोमारियो, दोघांचीही हॅट्ट्रिक!

या साच्यातली गंमत अशी की युरोपचा विजेता आणि ओशनियाचा विजेता यांना सारखीच एकेक जागा. विश्वचषकात असे होत नाही. तिथे जागांची वाटणी खंडाच्या ताकदीप्रमाणे होते. २००६ साली ऑस्ट्रेलिया आशियाई महासंघात गेल्यावर ओशनियात न्यूझीलंड हा एकच दादा उरला. २०१२ मध्ये सॉलोमन बेटांवरच्या खंडीय स्पर्धेत त्यालाही न्यू कॅलेडोनियाने उपांत्य फेरीतच गारद केले आणि अंतिम सामन्यात ताहितीने न्यू कॅलेडोनियाला १-० असे हरवले. ताहिती हे स्वतंत्र राष्ट्रसुद्धा नाही. फ्रेंच पॉलिनेशिया या फ्रान्सच्या सागरपार प्रदेशातले ते एक बेट, आणि त्या सबंध प्रदेशाची वस्ती तीन लाखांच्या आत. पण फिफाचे सदस्यत्व फुटबॉल संघटनेला मिळते, त्यामुळे ताहितीचा संघ वेगळा.

संघात तेहाऊ आडनावाचे चौघे होते: तीन सख्खे भाऊ आणि एक चुलतभाऊ. १७ जूनला बेलो होरिझोंते इथे नायजेरियाविरुद्ध मध्यंतरालाच ताहिती ०-३ असा मागे पडला. ५४व्या मिनिटाला मारामा वाहिरुआने कॉर्नर घेतला. संघातला एकमेव व्यावसायिक तो हाच. जोनाथन तेहाऊने उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. मग सगळे खेळाडू ओळीने गवतावर बसले आणि होडी वल्हवल्यासारखे हात चालवू लागले. वल्ह्याची होडी म्हणजे त्या बेटांचा जीव की प्राण. ब्राझीलच्या प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतले. थोड्याच वेळाने याच जोनाथनकडून स्वयंगोल झाला. सामना १-६ असा गेला, याची कुणाला फारशी खंत वाटलेली दिसली नाही.

स्पेनविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या तोरेसने चार गोल मारले. पण त्याची पेनल्टी आडव्या दांडीला लागून परतली, तेव्हा सत्तर हजारांवर प्रेक्षकांचा जल्लोष कुठल्याही गोलापेक्षा मोठा होता. पुढे उरुग्वेने आठ गोल केले. तीन सामन्यांत चोवीस गोल खाल्ले, एक केला, आणि ताहितीचे खेळाडू ब्राझीलचे आभार मानणारा फलक घेऊन मैदानाला फेरी मारून गेले. आकडेवारीत ही स्पर्धेतली सर्वांत वाईट कामगिरी ठरते. माझ्या मते स्पर्धा नेमकी अशाच सामन्यांसाठी हवी होती.

बड्या संघांना ती तितकीशी हवी होती असे नाही. २००५ पासून ती दर चार वर्षांनी, विश्वचषकाच्या आदल्या वर्षी, त्याच यजमान देशात होऊ लागली आणि रंगीत तालीम म्हणूनच ओळखली गेली. गोलरेषेवरचे तंत्रज्ञान २०१३ मध्ये आणि व्हिडिओ पंच २०१७ मध्ये इथे आजमावले गेले, मग विश्वचषकात आले. २०१७ साली जर्मनीने बहुतेक नामवंतांना घरी ठेवून तरुणांचा संघ रशियाला पाठवला, आणि चषक त्यानेच नेला! पुढच्या वर्षी पूर्ण ताकदीचा जर्मनी विश्वचषकाच्या गटातच बाद झाला. हे पनवतीचे गणित शेवटपर्यंत सुटले नाही: हा चषक जिंकणाऱ्या एकाही संघाला त्यानंतरचा विश्वचषक मिळालेला नाही.

धक्के मात्र भरपूर बसले. २००९ मध्ये सलग ३५ सामने अपराजित राहिलेल्या स्पेनला ब्लूमफोंटेनमध्ये अमेरिकेने २-० असे हरवले. अंतिम सामन्यातही अमेरिका मध्यंतराला २-० ने पुढे होती. ब्राझीलने तो ३-२ असा खेचून आणला.

एका वर्षाबद्दल मात्र हलकेपणाने लिहिता येत नाही. २६ जून २००३ रोजी ल्योंच्या जेर्लां मैदानावर कोलंबियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए ७२व्या मिनिटाला, आसपास कुणी नसताना, कोसळला. वय २८. वाचवण्याचे प्रयत्न व्यर्थ गेले. हृदयाच्या स्नायूंचा विकार हे कारण नंतर पुढे आले. ल्योंच्या क्लबकडून खेळताना हेच त्याचे घरचे मैदान होते. तीन दिवसांनी कॅमेरूनचे खेळाडू त्याचे मोठे छायाचित्र घेऊन अंतिम सामन्याला उतरले.

मार्च २०१९ मध्ये फिफाने स्पर्धा गुंडाळायचे ठरवले आणि तिच्या जागी क्लबांचा मोठा विश्वचषक आणला. क्लब फुटबॉलमध्ये पैसा किती आहे हे पाहता यात नवल नाही. तो २०२५ मध्ये अमेरिकेत झाला, ३२ क्लबांचा. ओशनियाची जागा तिथेही राहिली: ऑकलंड सिटी हा हौशी खेळाडूंचा क्लब आला आणि बायर्न म्युनिककडून १०-० असाच हरला. पण शेवटच्या सामन्यात त्याने अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ असे बरोबरीत रोखले, तेही कॉर्नरवरून आलेल्या हेडरच्या गोलावर.