मूल उशिरा बोलते: थांबावे की तपासावे?

"त्याचे वडीलही तीन वर्षांचे झाल्यावर बोलू लागले होते," हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते. मग वेखंड उगाळून चाटवले जाते आणि पाहता पाहता वर्ष निघून जाते. अशी पुष्कळ मुले पुढे बोलू लागतात, हे खरे. परंतु ज्या बालकाला मुळात ऐकूच येत नाही, त्याचे ते वर्ष भरून येणे कठीण असते. म्हणून बोलण्यास उशीर झाल्यास सर्वप्रथम श्रवणचाचणी करावी. ताटली वाजवल्यावर मूल वळून पाहते, ही चाचणी नव्हे.

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील बालकेही होती. त्यात निरोगी मुले साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही स्वतंत्रपणे चालू लागलेली आढळली. तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना नको. (पांगुळगाड्याने बाळ लवकर चालते, हाही गैरसमजच.) मात्र अठरा महिन्यांनंतरही न चालणे, वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारल्यास न पाहणे, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द न जोडणे, या बाबी डॉक्टरांना दाखवाव्यात. आलेले शब्द वा कौशल्य नाहीसे होऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात.

प्राथमिक तपासणी सोपी असते. तिरुवनंतपुरम येथे तयार झालेल्या तक्त्यात दोन वर्षांपर्यंतच्या सतरा बाबी आहेत. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडील एखादी बाब बाळाला जमत नसेल, तर पुढील तपासणी आवश्यक ठरते. हे निदान नव्हे. निदानासाठी जन्माच्या वेळची हकीकत, दृष्टी, श्रवण, थायरॉईड आणि मुलाचे खेळणे हे सारे पाहावे लागते, आणि त्यास एकाहून अधिक भेटी लागतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच झाला. त्याअंतर्गत अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि पुढील उपचार विनामूल्य आहेत. जाताना प्रसूतीच्या वेळचे रुग्णालयातील कागद व लसीकरणाचे कार्ड न्यावे. दवाखान्यात मूल बुजते. म्हणून घरी खेळतानाचे मोबाईलवरील चित्रीकरणही सोबत असावे.